अब्बांची सरकी

माझे दादा नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या तीन एकरांत गावरानी कपाशी लावत. बियाणे विकत घ्यायचे असते, हे त्यांच्या गावीही नव्हते. चांगल्या झाडांची बोंडे वेगळी वेचायची, सरकी काढून मडक्यात ठेवायची आणि मृगात शेणमातीत घोळून पेरायची. दरवर्षी तसेच झाड, तसेच बोंड. अब्बा शेती शिकले ते दादांकडूनच.

पुढे नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातला एनएचएच-44 हा संकरित वाण गावोगाव पोहोचला. अब्बांनीही त्याची पिशवी आणली. पीक जोमदार आले. पण पुढच्या वर्षी दादी आजारी पडल्या आणि पैसा दवाखान्यात गेला. अब्बांनी घरच्याच कापसाची सरकी काढली, शेणमातीत घोळली आणि पेरली.

त्या वर्षीचे शेत बघवत नव्हते. एक झाड छातीएवढे, तर शेजारचे गुडघ्याएवढे. कुठे बोंडे दिवाळीआधीच फुटलेली, कुठे अजून पात्या लागत होत्या. कापसाचा धागाही लहानमोठा. विकताना माल खालच्या प्रतीत गेला.

मी तेव्हा बारावीत होतो. पाहुणे बसलेले असताना बोलून गेलो, "अब्बा, पिशवीचे पैसे वाचवायला गेलात आणि अख्खं वर्ष घालवलंत." अब्बा काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले.

मग मी बी.एड. केले, शिक्षक झालो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. एकदा विज्ञानाच्या मॅडम रजेवर होत्या, म्हणून नववीचा आनुवंशिकतेचा धडा माझ्याकडे आला. मेंडेलचा वाटाणा फळ्यावर मांडत होतो. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच. त्यांचेच बी पेरले की दुसऱ्या पिढीत तीन उंच, एक बुटके. खडू हातातच राहिला. हे तर अब्बांचे शेत होते!

संकरित कापसाचे बी दोन वेगळ्या वाणांपासून बनते. संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग तिला लावतात. सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 साली दिलेला एच-4 हा जगातला पहिला व्यावसायिक संकरित कापूस असाच तयार झाला. असे बी पहिल्या वर्षी एकसारखे उगवते. त्याचीच सरकी पेरली की आईबापांचे गुण वाटून, विस्कटून बाहेर पडतात. दादांची गावरानी हा सरळ वाण होता, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली. अब्बांनी काम दादांसारखेच चोख केले होते. बियाण्याचा नियम बदलला होता आणि तो त्यांना कोणी सांगितला नव्हता.

पुढे मुलांना घेऊन वाणांच्या चाचणीचे शेत पाहायला गेलो. तिथे प्रत्येक वाण एकदा नाही, तीन-चार वेळा लावतात, तोही चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी. कारण एकाच शेतात कुठे जमीन भारी असते, कुठे हलकी. शेजारी तुलनेसाठी एक जुना, माहितीचा वाण असतोच. हीच चाचणी अनेक ठिकाणी आणि अनेक हंगाम होते, तेव्हा कुठे वाण चांगला की वाईट ते ठरते. मी मात्र अब्बांचा निकाल एका हंगामावर, एका शेतावर, पाहुण्यांसमोर लावून मोकळा झालो होतो.

आज बहुतेक शेतकरी संकरित बीटीच पेरतात आणि दर जूनला नवी पिशवी आणतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीचे सरळ वाणही दिले आहेत. त्यांची सरकी राखून पुन्हा पेरता येते आणि बियाणे राखण्याचा हक्क शेतकऱ्याला 2001 च्या कायद्यानेही दिला आहे. कोणता वाण घ्यावा हे मी सांगणार नाही, तो माझा विषय नाही. पण पिशवीवर 'संकरित' लिहिले आहे की 'सरळ वाण', एवढे पाहून घ्या आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

अब्बा आता नाहीत. मेंडेलची गोष्ट मी अम्मीला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तेरे अब्बा भी येच बोलते थे. बीज बदल गया, मेरा हात नई बदला."

हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नव्हते.