जाणार की येणार?

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरची मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे वर आली. दोन मोठ्या कंपन्यांची ऑफर हातात होती आणि दोन्हीकडे पद एकच, प्रॉडक्ट मॅनेजर. तिनं तक्ता केला होता: पगार, शेअर, लेव्हल. शेवटच्या रकान्यावर 'प्रतिष्ठा' लिहिलं होतं आणि तो मोकळा होता.

"मावशी, हा तुम्ही भरा. तुम्ही अठरा वर्षं हेच करताय."

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याला हा रकाना जुनाच आहे. माझ्या लहानपणी गोखले रोडच्या गल्ल्यांमधून तो रिझर्व्ह बँक, एलआयसी, लार्सन या नावांनी भरला जायचा. आता तिथे गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आहेत. राम मारुती रोडवर कुणी भेटलं की आधी "कुठे असते?" विचारतात. काय करते, हे विचारेपर्यंत रस्ता ओलांडायची वेळ होते.

तिचा प्रश्न खरा होता, म्हणून ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. या पदाचं मूळ साबणाच्या धंद्यात सापडतं. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय यांनी टिपण लिहिलं की एकेका मालाची पूर्ण काळजी वाहणारा स्वतंत्र माणूस हवा. पुढे सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घरानं त्याला आपापलं वळण दिलं. मायक्रोसॉफ्टमध्ये हे काम बरीच वर्षं प्रोग्रॅम मॅनेजर करत. तेव्हा तिथे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे मार्केटिंगचा माणूस असे. गूगलमध्ये २००२ साली मरिसा मेयर यांनी नवख्यांसाठी खास योजना सुरू केली. तिच्यातून आलेले ब्रेट टेलर गूगल मॅप्स घडवणाऱ्यांपैकी एक. आज या पदाभोवती जे वलय दिसतं, त्याचा मोठा भाग त्या योजनेनं मिळवून दिला. ॲमेझॉनमध्ये बैठकीच्या सुरुवातीला सगळे सहा पानांचं टिपण वाचतात. वस्तू बनवण्याआधी ती बाजारात आल्याची बातमी लिहून काढतात. ज्याचं लिहिणं स्वच्छ, त्याचं तिथे चालतं.

वलय विरायलाही वेळ लागत नाही. २०२३ मध्ये एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी डिझायनरांच्या मेळाव्यात सांगितलं की जुन्या पद्धतीचं हे पद आपण मोडलं आणि मार्केटिंगशी जोडलं. सभागृहात टाळ्या पडल्या.

या कामात बहुतेकदा हाताखाली कुणी नसतं. कोड इंजिनियर लिहितात, स्क्रीन डिझायनर आखतात. आपल्याकडे ठरवणं उरतं, आणि ठरवलेलं दुसऱ्यांच्या गळी उतरवणं. कंपनीचं नाव मोठं असलं की लोक पहिल्या पाच मिनिटांत ऐकून घेतात, हे मी अनुभवलंय. सहाव्या मिनिटापासून वस्तू वापरणारा माणूस आपल्याला किती कळलाय, त्यावर सगळं चालतं. ठाणे स्टेशनात नजर टाकावी. सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर हे ॲप असंख्य हातांत उघडं असतं. नेट गेलं तरी वेळापत्रक दिसतं, कारण बनवणाऱ्याला लोकलचा प्रवास कळला होता. त्यांचं पद काय, हे फलाटावर कुणी विचारत नाही.

मग तिला बाईंची गोष्ट सांगितली. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. रीडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करायचं होतं, म्हणून त्यांनी जुनं सागवानी कपाट ऑनलाइन विकायला काढलं. गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलं, आठ हजार पाठवतोय. बाईंच्या मोबाइलवर आलं: 'विनंती स्वीकारा'. त्यांनी बटण दाबलं, पिन टाकला आणि आठ हजार रुपये खात्यातून गेले.

यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्या माणसानं पाठवलेली विनंती पैसे मागण्याची होती. आणि बटणावरचे ते दोन शब्द माझे होते. ते ॲप तेव्हा मी जिथे होते त्या कंपनीचं, आणि तिचं नाव सांगितलं की समोरचा मान डोलवायचा. इंग्रजी मजकुराखाली मराठी बसवताना एका सहकाऱ्यानं 'पैसे द्या' सुचवलं होतं. तारीख जवळ आली होती. नंतर बघू, असं मीच म्हटलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "स्वीकारणं म्हणजे घेणं ना गं? मी तीस वर्षं मराठी शिकवलं."

तो शब्द बदलायला मला पाच आठवडे लागले. बटणावर रक्कम आली, आणि तिच्यापुढे 'तुमच्या खात्यातून जाणार' असं आलं. अशा फसवणुकी सगळीकडेच होत राहिल्या. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची ही सोयच बंद केली. बाईंचे पैसे मात्र परत आले नाहीत. माझ्या प्रोफाइलवर त्या वर्षाखाली बढती लिहिलेली आहे, आणि ती ओळ वाचताना मला अजून ते कपाट आठवतं.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "मोठं नाव वाईट नसतं गं. तिथे तुझा एक शब्द कोट्यवधी लोकांपर्यंत जातो, म्हणूनच ते काम मोलाचं. पण सही करण्याआधी दोघांना एकच विचार. तुमच्याकडे मॅनेजरनं एखादी गोष्ट शेवटच्या आठवड्यात थांबवली, असं शेवटचं कधी झालं? आणि पुढे त्या माणसाचं काय झालं? जिथे चटकन खरं उत्तर मिळेल, तिथे जा."

तिनं 'प्रतिष्ठा' खोडलं नाही. त्याच्याखाली तो प्रश्न टाइप केला आणि ती खाली गेली.

संध्याकाळी मी नव्या स्क्रीनचे कागद घेऊन बाईंकडे गेले. पैशांशी संबंध असलेला मजकूर आता त्यांनी मोठ्यानं वाचल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. त्यांनी चष्मा लावला, तिसऱ्या कागदावर थांबल्या आणि बोट ठेवून विचारलं, "इथे पैसे जाणार की येणार?"

तो कागद मी परत घेतला. रात्री टीमला कळवलं, उद्या हे जाणार नाही.