मडगार्डची कापाकापी

मंडळी, आपण ज्याला मडगार्ड म्हणतो त्याला इकडे डेन्व्हरला फेंडर म्हणतात. आमच्या नातवाने परवा ते कापलं. चांगल्या चालत्या गाडीचं, आणि मुद्दाम!

गाडी टोयोटा टॅकोमा, २०१६ची. मागे उघडा हौदा आहे म्हणून इथे तिला ट्रकच म्हणतात. मुलाने हौसेने घेतली, इतकी वर्षं ओरखडा पडू दिला नाही आणि मग नातवाला देऊन टाकली. नातवाला डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटांचं वेड. त्यासाठी मोठे टायर हवेत.

शिक्षकी सवयीने मी वहीत गणित मांडलं. जुन्या टायरवर २६५/७०आर१६ असं लिहिलंय. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, आतली रिम १६ इंच. व्यास आला ७७७ मिलिमीटर. नवा टायर २८५/७५आर१६, व्यास ८३४. वाढ ५७ची, पण गाडी उचलली जाणार तिच्या निम्मीच, जेमतेम इंचभर! एवढ्यासाठी एवढा खटाटोप? नातू म्हणाला, स्प्रिंगा बदलून गाडी कितीही उंच केली तरी मागच्या ॲक्सलचा गोळा आहे तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि दगड लागतो तो त्यालाच. पटलं.

कापायची रीत मात्र मला फार आवडली. आधी कापायचंच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, पुढचं एक चाक उंचावर चढवायचं आणि टायर कुठे घासतो ते बघायचं. तिथे चिकटपट्टीची खूण. मग आतलं प्लॅस्टिकचं अस्तर गरम हवेने मऊ करून मागे दाबायचं, चाकामागची पत्र्याची शिवण हातोडीने चपटी करायची. तरीही घासलाच, तर फेंडरची कड आणि बंपरचा कोपरा कापायचा, तोही थोडा थोडा. उघड्या पत्र्याला लगेच रंग, नाहीतर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंज धरतो. केबिन खालच्या चौकटीला जोडलेली असते तिथलं काम तेवढं गॅरेजात, कारण तिथे कापून नवी पट्टी वेल्ड करावी लागते.

कटरचा आवाज सुरू झाला तसा मुलगा उठून घरात गेला. जिवाला लागलं होतं, दिसत होतं. पण एक अक्षर बोलला नाही. दिली म्हणजे दिली.

हे सगळं लिहायचं कारण निराळंच आहे. सांगलीचं घर मी गेल्या वर्षी मुलाच्या नावावर केलं. तिथे गाडी आत घ्यायची तर फाटकाजवळचा पारिजातक तोडावा लागेल, असं तो म्हणतो. ह्यांच्या हातचं झाड. चार दिवस मी काही बोलले नाही. काल एवढंच म्हटलं, "घर तुझं आहे, तूच ठरव. पण दिवाळीत जाऊ तेव्हा आधी गाडी फाटकातून वळवून बघ, घासते कुठे ते. तिथे खूण कर. मग काय ते काप."