आकाशातील सेवापुस्तक

मुख्याध्यापक या नात्याने सहकाऱ्यांची सेवापुस्तके मी वर्षानुवर्षे चाळीत आलो आहे. रुजू झाल्याचा दिनांक, नेमणुकीचे ठिकाण, निवृत्तीचा दिनांक! परवा ‘नाविक’ या आपल्या दिशादर्शक उपग्रहमालेचा धडा घेताना मी फळ्यावर हेच तीन रकाने आखले.

पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. नेमणूक ५५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. अपेक्षित सेवा दहा वर्षांची. परंतु चौथ्याच वर्षी त्याची तिन्ही परदेशी आण्विक घड्याळे बंद पडली. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले, तरी अंतराच्या हिशेबात ३०० मीटरांची चूक होते! बदली म्हणून ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाठविलेला उपग्रह उष्णतारोधक आवरणातच अडकला. अखेर १२ एप्रिल २०१८ रोजी दुसरा गेला, आणि २९ मे २०२३ च्या उपग्रहात स्वदेशी आण्विक घड्याळ बसले.

“मग पहिल्याला घरी पाठवलं का, सर?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

नाही. स्थान सांगण्याचे काम गेले, तरी संदेश पोहोचविण्याचे काम त्याच्याकडे राहिले.

हे सांगताना माझा आवाज किंचित अडखळला. माझाही तिसरा रकाना आता फार दूर नाही. आदिलाबादच्या तेलुगू मुलुखात घराघरांतून मराठी पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे काम मात्र त्या रकान्यात संपत नाही. घड्याळ थकले, तरी निरोप पोहोचविता येतो.