पाहणारी मुले

आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही चवदार तळ्यावर गेलो, ते इतिहासाचा धडा उरकायला. मुलांनी वहीत तारीख लिहून घेतली : २० मार्च १९२७.

आम्ही नेहमीप्रमाणे सांगत गेलो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तो मान्यही केला, पण ठराव कागदावरच राहिला. मग परिषद भरली, मिरवणूक निघाली, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. काही वेळाने अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव काठ्या घेऊन परिषदेच्या मांडवावर चालून गेला. जेवणाऱ्यांचे अन्न मातीत मिसळले. रस्त्यात सापडले त्यांनाही झोडपले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

इथे आमच्या मुलांचे चेहरे खुलले. "सर, म्हणजे आपले लोक चांगले होते ना?" एकाने विचारले.

होते. डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांच्या जागेवर मांडव पडला. हे आम्ही दरवर्षी अभिमानाने सांगतो. मात्र या तळ्याचे पाणी मुसलमानांना आधीपासूनच खुले होते. ज्यांना बंदी होती त्यांच्या देखत आमच्याही घागरी भरत होत्या. आणि १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर बाबासाहेबांच्या सोबतच्या काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर तोंड-पाय धुतले, तेव्हा 'हौद बाटवला' म्हणून शिव्या देत धावून आले ते मुसलमानच. त्यांत म्हातारे होते, तरुणही होते. उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ देणार नाही का, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा ते गप्प झाले. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. आम्ही मात्र ते वर्गात प्रथमच सांगितले.

महाडच्या त्या गल्ल्यांत तेरा-चौदा वर्षांची पोरे असणारच. एखाद्याने दाराआडून पाहिले असेल : रक्तबंबाळ परका माणूस आत आला, अब्बांनी कडी लावली. दुसऱ्या गल्लीतल्या एखाद्याने आपल्याच बापाला काठी उचलताना पाहिले असेल. इतिहास जखमींची नोंद ठेवतो. या पोरांना कोण विचारतो? दुसऱ्या पोराची गोष्ट आम्हाला जास्त छळते. रात्री त्याला त्याच बापाच्या ताटात जेवायचे होते. बाप वाईट असे मानणे जड, त्यापेक्षा मार खाणाराच चुकला असेल असे मानणे सोपे. पुढे त्याच्या हाती काठी आली असेल, तर त्याला त्यात वावगे वाटले नसेल.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी, हीच मुले सहावीत असताना, गणित येत नाही म्हणून एकाला आम्ही छडीने मारले. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शाळेत मारायला बंदी आहे. बी.एड.च्या वर्गात बालमानसशास्त्राचे टिपणही आम्ही सुवाच्य अक्षरात काढले होते. पोरगा रडला नाही. बाकीचे मान खाली घालून बसले. मधल्या सुट्टीत वर्गामागे हशा ऐकू आला म्हणून डोकावलो, तर मुले आमचीच नक्कल करीत होती. एक हात पुढे करून उभा. पट्टी घेऊन 'सर' झाला होता तो, सकाळी मार खाल्लेला पोरगा.

तोच आता पायरीवर बसून पाण्यात खडे टाकीत होता.

"सर, त्या मुलांनी घरी विचारलं असेल का, का मारलंत म्हणून?"

त्याने आम्हाला कधी विचारले नव्हते. मारले होते सर्वांसमोर, म्हणून सर्वांसमोरच सांगितले : त्या दिवशी आमचे चुकले होते. मुले एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी हसले. तो मात्र उठला, विजार झटकली.

"चला सर," तो म्हणाला, "नमाजची वेळ झाली."