पॉम्पेईच्या गल्लीतून भोकरदनकडे

नेपल्स

चि. मृण्मयी,


तुझा निरोप पोचला. ‘एवढ्या लांब गेलीस आणि गाईड न घेता पॉम्पेई पाहिलंस?’ असं तू विचारलंयस. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागणार नाही, म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्याकडे माझं एक काम आहे, तेही ओघात येईलच.

गाईड तिथे दाराशीच मिळतात आणि त्यांतले काही फार जाणते असतात. पण पॉम्पेई सुमारे ६६ हेक्टरांवर पसरलेलं आहे. त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे, आणि जे उघडं आहे तेवढं पाहायलाही अख्खा दिवस पुरत नाही. घोळक्याबरोबर गेलं की गाईडची छत्री थांबेल तिथे थांबायचं आणि ती निघाली की निघायचं. मला माझ्या चालीने फिरायचं होतं. म्हणून ऑडिओ टूर आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून घेतली, नकाशा कागदावर घेतला आणि सकाळच्या लोकलने निघाले. व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याने जाणारी ही गाडी उत्खननाच्या दाराजवळच सोडते. तिकिटावर आता आपलं नाव असतं आणि दिवसाला वीस हजारांवर माणसं आत सोडत नाहीत, त्यामुळे ते आधी काढून ठेवणं बरं.

समुद्राच्या बाजूच्या वेशीतून चढ चढून आत गेलं की थोड्याच वेळात फोरम, म्हणजे गावचा मुख्य चौक लागतो. ज्युपिटरच्या देवळाचे खांब आणि त्यामागे डोंगर, हे चित्र तू पुस्तकात पाहिलेलं आहेस. तिथे गर्दी फार आणि टूरमधली माहितीही फार. सम्राट, देवळं, न्यायालय, सगळं एका दमात. मी ते ऐकलं आणि पुढे निघाले. खरी गंमत पुढे रस्त्यावर सुरू होते.

रस्ता काळ्या लाव्हाच्या फरशांचा. दोन्ही बाजूंना उंच पदपथ आणि मध्येच रस्त्यात तीन मोठे सपाट धोंडे, ओळीने मांडलेले. टूरमधला आवाज म्हणाला, ‘इथे थांबा, खाली बघा.’ मी थांबले. धोंड्यांच्या मधल्या फटींतून गाड्यांची चाकं जात, आणि त्या चाकांनी फरशीत खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. रस्त्यावरून पावसाचं आणि कारंज्यांतून वाहून आलेलं पाणी, घाण, शेण सगळं वाहायचं. ते पाय न भिजवता ओलांडता यावं म्हणून हे धोंडे. आवाज थांबला तरी मी तिथेच उभी राहिले. एका चाकोरीत हात घालून पाहिला, आत कड अगदी गुळगुळीत लागते. एवढी झीज व्हायला किती गाड्या गेल्या असतील! मग टूर पॉज केली आणि पदपथावर बसून राहिले. गाईडबरोबर असते तर हे जमलं नसतं, मृण्मयी. थांबायचं किती हे आपल्या हातात असणं, हा या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण.

कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याची कारंजी आहेत. गावात अशी चाळीसच्या आसपास, म्हणजे कुणालाही पाण्यासाठी फार लांब जावं लागू नये इतकी. चार दगडी फळ्या जोडून केलेला हौद आणि एका बाजूला कोरीव तोंड, त्यातून पाण्याची धार. त्या तोंडाच्या बाजूची हौदाची कड एकाच जागी खोलगट झालेली आहे. पाणी प्यायला वाकताना माणसं जिथे हात टेकत, नेमकी तिथे. मी हात टेकला तर तळवा त्या खळग्यात बरोबर बसला. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या काठावर दोरांनी पडलेल्या खाचा असतात ना, तशीच ही खूण, फक्त दोराऐवजी तळहातांची.

बेकरीत लाव्हाचीच मोठी जाती आहेत, गाढवांकडून फिरवली जाणारी, आणि शेजारी विटांची भट्टी. एका बेकरीच्या भट्टीत जळून कोळसा झालेले ८१ पाव सापडले. त्यांतले काही नेपल्सच्या संग्रहालयात मी नंतर पाहिले. गोल, वर आठ भाग पाडलेले, हाताने मोडायला सोयीचे. भिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती लाल रंगात रंगवलेल्या. अशा अडीच हजारांवर जाहिराती या गावात मिळाल्या आहेत. फळवाल्यांचा अमक्याला पाठिंबा, खेचरवाल्यांचा तमक्याला. बायकांना मत नव्हतं, तरी काही जाहिरातींखाली पाठिंबा देणाऱ्या म्हणून बायकांची नावं आहेत. माझ्या टूरमध्ये हे दोन वाक्यांत आटोपलं आणि वेश्यागृहावर मात्र लांबलचक निवेदन होतं. वजनं अशी पडायला नको होती.

हे गाव गाडणाऱ्या उद्रेकाच्या तारखेबद्दल मात्र निवेदकाने फार चांगलं केलं. इ.स. ७९ सालची २४ ऑगस्ट ही तारीख उद्रेक पाहिलेल्या धाकट्या प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांतून आलेली. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली. तिच्यातली तारीख १७ ऑक्टोबरची आहे, साल नाही. कोळशाचं लिखाण भिंतीवर सहसा फार काळ टिकत नाही, म्हणून उद्रेक ऑक्टोबरातच झाला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. निवेदकाने दोन्ही बाजू सांगितल्या आणि ‘असावा’ हा शब्द सोडला नाही. तिथून पुढे त्याच्यावर माझा विश्वास बसला.

गावाच्या टोकाला एक बाग आहे. तिथे पळता पळता मेलेल्या तेरा जणांचे साचे आहेत, मुलांसकट. राखेत शरीरं कुजून गेली आणि पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये ज्युझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून माणसांचे आकार परत मिळवायला सुरुवात केली. एकजण कोपरावर टेकून उठायला बघतोय. तिथे मी इअरफोन काढून ठेवले. माहिती कितीही चांगली असली तरी अशा जागी निवेदकाने गप्प राहावं, निदान एक मिनिटाची तरी शांतता ठेवावी.

याच फिओरेल्लीने आणखी एक काम केलं, ज्याच्याशिवाय कुठलीही ऑडिओ टूर शक्य झाली नसती. त्याने गावाचे नऊ विभाग पाडले, विभागातल्या घरांच्या प्रत्येक गटाला क्रमांक दिला आणि प्रत्येक दाराला क्रमांक दिला. त्यामुळे पॉम्पेईतल्या कुठल्याही दाराला तीन आकड्यांचा पत्ता आहे. मला ज्या दाराशी जायचं होतं ते टूरमध्ये नव्हतंच. पण पत्ता माहीत होता: विभाग १, गट ८, दार ५. मुख्य रस्त्याने जात, क्रमांकाच्या पाट्या वाचत मी तिथे पोचले. दार बंद होतं. बाहेरून पाहण्यासारखं काही नाही, एक साधंसं घर. शेजारून घोळके जात होते, कुणी वळूनही बघत नव्हतं.

या घरात १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि तिच्यासाठीच मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले. जेमतेम वीतभर उंचीची बाई. पायांची अढी घालून उभी, हातांत बांगड्यांचे थर, पायांत तोड्यांचे थर, गळ्यात भरगच्च हार, दोन बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी असं म्हणतात. कुणी तिला लक्ष्मी म्हणतं, कुणी यक्षी. तिच्या घडणीचं ठिकाणही वादात आहे. तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून काहीजण वायव्येकडे बोट दाखवतात. पण आपले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी तिचं माहेर भोकरदन असल्याचं मत मांडलं, कारण १९७०च्या दशकात भोकरदनच्या उत्खननात याच जातीच्या मूर्ती निघाल्या. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाईही हिच्याच घराण्यातली आहे. काचेपलीकडे तिला बघताना मला भोकरदनची तुझी शाळा आठवली, मृण्मयी. तुझ्या वर्गातली मुलं रोज ज्या मातीवरून शाळेत येतात, ती माती बहुधा या बाईची जन्मभूमी.

आणि हा व्यापार काही योगायोगाचा नव्हता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, ही दोन्ही गावं नावानिशी आहेत. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून सुती कापड, गाड्यांत भरून आडवाटेने भडोचला जाई आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला. भोकरदन उज्जैन-पैठण वाटेवरचं गाव, तेव्हाचं भोगवर्धन. तिथल्या दानशूरांची नावं सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. उलट दिशेनेही माल आला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तू टाउन हॉल संग्रहालयात पाहिली आहेसच. भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात केली आहे. तो रोमन आरमाराच्या एका ताफ्याचा प्रमुख होता. व्हेसूव्हियस फुटला तेव्हा जहाजं घेऊन माणसांना सोडवायला निघाला आणि किनाऱ्यावरच मेला. त्याच्या बहिणीचा मुलगा, सतरा वर्षांचा धाकटा प्लिनी, खाडीपलीकडून डोंगरावरचा तो ढग बघत होता. पुढे अनेक वर्षांनी त्याने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रं लिहिली. त्या दिवसाचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन जगाकडे आहे ते एवढंच, मामाच्या मृत्यूबद्दल भाच्याने लिहिलेलं.

आता माझं काम. तू आकाशवाणीवर निवेदन करतेस, तुझा आवाज स्वच्छ आहे आणि इतिहास शिकवतेस. भोकरदनची ऑडिओ टूर तू कर, मराठीत. तिथे पॉम्पेईसारखे उभे रस्ते नाहीत हे मला माहीत आहे. पांढरीचं टेकाड, केळना नदी, वर वसलेलं आजचं गाव, बाकी सगळं पोटात. पण म्हणूनच तिथे आवाजाची जास्त गरज आहे. दिसत नाही ते ऐकवावं लागतं, नाहीतर माणूस टेकाडावरून चालत जातो आणि त्याला फक्त ढेकळं दिसतात.

कसं करायचं याबद्दल माझ्या कानांनी जे शिकवलं ते सांगते. श्रोत्याला आधी नेमकं कुठे उभं राहायचं ते सांग: कुठल्या झाडाशी, कुठल्या पायरीवर, तोंड कुणीकडे करून. मग एकच गोष्ट दाखव. पायाखालचं खापर, नदीचा काठ, एखाद्या घराच्या जोत्यात बसवलेली जुनी वीट. ती डोळ्यांना दिसली की मगच राजा, शतक, व्यापार. सातवाहनांची वंशावळ पहिल्या थांब्यावर ओतलीस तर लोक दुसऱ्या थांब्यावर इअरफोन काढतील. वाक्यं लहान ठेव, कारण ऐकणारा चालतो आहे, त्याला मागे जाऊन वाचता येत नाही. जिथे वाद आहे तिथे वाद सांग, ती मूर्ती ‘भोकरदनचीच’ असं ठासून सांगू नकोस. आणि खापर दाखवशील पण उचलू नका हेही सांग. सापडलेली वस्तू जागेवर राहिली तरच तिचा पत्ता राहतो.

तुझ्या मुलांना यात घे. गावातल्या म्हाताऱ्यांना टेकाडावर काय काय निघालेलं माहीत असतं. मुलांनी ते विचारून लिहून आणावं आणि तू पुस्तकांशी ताडून बघावंस. भोकरदन जमलं की तेर, मग पैठण. मी परतले की मजकूर तपासायला आणि टेकाडावर फिरून थांबे ठरवायला तुझ्याबरोबर येईन. पण पहिल्या थांब्याचा मजकूर तू माझी वाट न बघता आत्ताच लिही आणि मला पाठव.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
सुधामावशी