मर्यादेच्या आत आहे, पण पुरेसं आहे का?

अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. सांडपाण्यातून माणसापर्यंत पोचणारी किरणोत्साराची मात्रा कायद्याच्या मर्यादेत असेल, तर तक्रारीला जागा नाही. रसायनशास्त्राची आवड असल्याने या तंत्राचं कौतुकही होतं. वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं आणि ट्रायब्युटाइल फॉस्फेटने त्यातून युरेनियम-प्लुटोनियम इतकं स्वच्छ वेचायचं, की इतर किरणोत्सारी भेसळ लाखो पटींनी घटते.

माझं मत बदललं ते इंग्लंडमधल्या सेलाफिल्डच्या पुनर्प्रक्रिया केंद्रामुळे. तिथे साठवलेल्या किरणोत्सारी द्रवाच्या शुद्धीकरणाचा नवा प्रकल्प 1994मध्ये सुरू झाला. लोहाच्या साक्यात प्लुटोनियम आणि अमेरिशियम अडकत. टेक्निशियम-99 हे किरणोत्सारी मूलद्रव्य मात्र विरघळलेलंच राहून आयरिश समुद्रात जाई. शुद्धीकरण सुरू झालं आणि टेक्निशियमचं उत्सर्जन उलट वाढलं. 1995मध्ये ते सुमारे 190 टेराबेकरेल होतं. टेक्निशियम-99चं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक. ते लॉबस्टरमध्ये साठलं, सागरी प्रवाहांबरोबर नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. आयर्लंड आणि नॉर्वेने हरकत घेतली. मला ती भावनिक वाटली, कारण लॉबस्टर भरपूर खाणाऱ्यांची मात्राही मर्यादेतच होती.

ते देश मागे हटले नाहीत. 1998मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी सिंट्रा इथे उत्सर्जन घटवून त्यामुळे समुद्रात पडणारी किरणोत्सारी पदार्थांची भर शून्याजवळ नेण्याचं ठरवलं. पुढे सेलाफिल्डची टेक्निशियमची परवानगी कमी झाली आणि 2004मध्ये त्याच प्रकल्पात टेट्राफेनिलफॉस्फोनियम ब्रोमाइड हे रसायन वापरात आलं. टेक्निशियम साक्यात उतरू लागलं. काही वर्षांतच वार्षिक उत्सर्जन 10 टेराबेकरेलच्या खाली गेलं. माणसाला मिळणारी मात्रा आधीही मर्यादेत होती, नंतरही. 'आणखी कमी का नाही?' असं कुणीतरी चिकाटीने विचारलं, म्हणून हा फरक पडला.

टेक्निशियम यामुळे नाहीसं झालं नाही. ते घन कचऱ्यात राहिलं, त्याची जबाबदारी शिल्लकच आहे. पण समुद्रात विखुरलेलं परत गोळा करता येत नाही. साठवलेल्यावर निदान नजर ठेवता येते.

पुनर्प्रक्रियेला माझा आजही विरोध नाही. ती आपल्या तारापूरलाही चालते. तिथल्या उत्सर्जनाबद्दल 'मर्यादेच्या आत' एवढं उत्तर मिळालं, तर तिथे थांबू नका. ते आणखी किती खाली आणता येईल आणि त्याला किती खर्च येईल, हेही विचारा.