मसाईंच्या उंबरठ्यावर

आम्हा कर्जत-खालापूरकडच्या बायकांना रानाचं फारसं अप्रूप नसतं. पावसाळ्यात दार उघडावं तर समोर माथेरानचा डोंगर आणि पायरीपाशी एखादी धामण! त्यामुळे निवृत्त झाल्यावर हे म्हणाले, "केनियाला जाऊ या," तेव्हा मी आधी खर्च विचारला आणि मग, "तिकडे चहा मिळेल ना?"

चहा मिळतो, आणि त्याला 'चाय'च म्हणतात. तिथल्या स्वाहिली भाषेत पोळीला 'चपाती', कोशिंबिरीला 'काचुंबारी', मोटारीला 'गारी'. 'सफारी' म्हणजे तरी काय, आपली सफरच की!

तुम्हाला जायचं असेल तर दोन-चार गोष्टी आधी करा. पीतज्वराची लस ठरावीक सरकारी मान्यतेच्या केंद्रांतच मिळते. ती निदान दहा दिवस आधी टोचून घ्या आणि दाखला पासपोर्टसोबत ठेवा. परत येताना आपलेच लोक तो मागतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तिथे २०१७ पासून बंदी आहे, म्हणून चिवडा-लाडू डब्यात भरा. आणि स्वेटर घ्याच. आफ्रिका म्हणजे उकाडा असं मी धरून चालले होते; ऑगस्टात नैरोबीला पहाटे दात वाजत होते.

मसाई मारा हे सगळ्यांचं आवडतं रान. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास टांझानियातल्या सेरेंगेटीतून वाइल्डबीस्टचे प्रचंड कळप इकडे येतात. तोंडावळा गाईसारखा, पण जात हरणाची. सिंहही भरपूर पाहिले. सिंहमहाराज दिवसाचे बरेचसे तास झोपा काढतात आणि शिकारीचं काम बहुतेक सिंहिणींवर. घरोघरी मातीच्याच चुली!

पण मला सांगायचंय ते निराळंच आहे. तिसऱ्या दिवशी आम्हाला मसाईंच्या वस्तीवर नेलं. माणशी पैसे भरायचे, मग पुरुष उंच उड्या मारून नाचून दाखवतात आणि घर आतून पाहू देतात. ही घरं बायकाच बांधतात. काटक्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप. वाकून आत गेले आणि तो ओळखीचा वास आला! चुलीजवळ एक तरणी बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. मी कौतुकानं कॅमेरा उचलला, बटण दाबलं, आणि त्याच क्षणी तिनं तोंड फिरवलं.

मला एकदम आमच्या वाडीवरची ठाकरीण आठवली. दर पावसाळ्यात ती माझ्याकडे शेवळं, कुर्डू, कंटोळी आणते. दोन वर्षांपूर्वी मुंबईचे पाहुणे आले होते. "चला, तुम्हाला आदिवासी घर दाखवते," म्हणून मीच त्यांना तिच्याकडे घेऊन गेले. न विचारता, थेट चुलीपर्यंत. "बघा, कसं छान सारवलंय!" पाहुण्यांनी फोटो काढले, आणि ती पदर सावरत कोपऱ्यात उभी राहिली. मसाईंनी निदान पैसे तरी घेतले. तिला काही द्यावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पुढच्याच आठवड्यात ती भाजी घेऊन आली होती. बोलली काहीच नाही.

पुढे आम्ही नैरोबीहून मोंबासाला रेल्वेनं गेलो, तो यांचा हट्ट. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला जादा इंजिनं जोडण्यात यांची सारी नोकरी गेलेली. ही नवी लाइन २०१७ ची; पाच-सहा तासांत पोचवते. जुनी मात्र १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी बांधली आणि त्यासाठी तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिकडेच गेले. १८९८ मध्ये त्सावोच्या पुलाच्या कामावर दोन सिंहांनी कित्येकांना तंबूतून ओढून नेलं. त्सावो आलं तेव्हा सगळे हत्ती शोधत होते. हे मात्र खिडकीशी गप्प उभे.

मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९० च्या दशकात बांधला. आपल्या कोर्लईच्या किल्ल्याचा भाऊबंद. दक्षिणेला डियानीचा किनारा, वाळू इतकी पांढरी की डोळे दिपतात. अलिबागच्या काळपट वाळूची सवय असलेल्या मला ती आधी रांगोळीच वाटली! पण मन रमलं ते एका घराच्या ओटीवर. नारळ खवायची त्यांची खवणी म्हणजे लाकडाचं बुटकं आसन आणि पुढे दातेरी पातं. नाव 'म्बुझी', म्हणजे शेळी. मी लांबूनच पाहत होते. घरच्या आजीबाईंनी हातानं बोलावलं, आसनावर बसवलं, अर्धा नारळ हातात दिला. मी खवत असताना त्यांनी माझं मंगळसूत्र बोटांनी चाचपून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मी यांच्याकडे बोट दाखवलं. मग दोघी हसत सुटलो.

परत आल्यावर ठाकरीण कंटोळी घेऊन आली. तिला बसवलं, चहा ठेवला आणि फोटो दाखवले. सिंह तिनं भराभर पुढे ढकलले. मसाईंच्या घरापाशी थांबली.

"हा तं आमच्यासारकाच कूड हाय!" मग बराच वेळ पाहत राहिली. "हिनं त्वांड फिरवलंय."

"हो," मी म्हटलं. "मी विचारलं नव्हतं. तुलाही विचारलं नव्हतं."

तिनं चहा संपवला, कंटोळी मोजून दिली. जाताना पायरीवरून म्हणाली, "दिवाळीला यं घरी. येकलीच यं."